मोटारीचा रोग आणि उंदराचा दांत

कुर्डुवाडी हें गांव चाकांवर वाढलें. मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील या ठाण्यापासून १८९७ सालीं बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धांवूं लागली, आणि त्या रेल्वेचा कारखानाही पुढें येथेंच उभा राहिला. गाडी थांबली, कीं एक मनुष्य हातोडी घेऊन चाकामागून चाकावर ठोका देत चालला आहे, हें दृश्य जुन्या प्रवाशांच्या ओळखीचें आहे. तो मनुष्य तर्क लढवीत नसे. एका चाकाचा नाद ऐकावा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, असा त्याचा क्रम असे. आज त्याच गांवांत अनेक घरीं मोटार आहे. परंतु एखाद्या पहाटे ती सुरू झाली नाहीं, म्हणजे हा क्रम फारसा कोणास आठवत नाहीं.

समजा, घरांतील वडील मंडळींपैकीं कोणास सकाळीं दहाच्या आंत सोलापूरच्या रुग्णालयांत पोंचवावयाचें आहे. किल्ली फिरवितांच दिवे लागतात, स्टार्टर जोमानें फिरतो, पण इंजिन पेट घेत नाहीं. शेजारी म्हणतो, "बॅटरी गेली असेल." नवी बॅटरी येते, इंजिन तसेंच. मग कोणी इंधनाचा पंप बदलावयास सांगतो. तोही बदलला जातो. चौथ्या दिवशीं बोनेट उघडून नीट पाहिलें, तेव्हां ज्वारीच्या ताटाच्या पात्याहूनही बारीक अशी एक तुटलेली तार सांपडते. स्टार्टर जोमानें फिरत होता, यावरूनच बॅटरी निर्दोष असल्याचें कळावयास हवें होतें. निदानाच्या आधीं औषध दिलें, त्याचा हा खर्च. आणि आजाऱ्याचा खोळंबा झाला तो निराळाच.

उंदीर मोटारींत शिरतो तरी कशाला? बंद केलेल्या इंजिनाची ऊब थंडीच्या रात्रीं कांहीं तास टिकते, आणि बोनेटच्या आंतलें मऊ अस्तर घरट्यास आयतेंच मिळतें. माढा तालुक्यांत ऊंस तुटला किंवा ज्वारीची सुगी आटोपली, कीं शेतांतला आसरा गेलेले उंदीर घराकडे व कडब्याच्या गंजीकडे वळतात. गंजीजवळ चार दिवस न हलविलेली मोटार त्यांना बिळासारखीच वाटते. शिवाय उंदराचे पुढचे चार दांत जन्मभर वाढत राहतात, त्यामुळें कुरतडणें हा त्याचा स्वभावच आहे. तारेवरचें आवरण त्याच्या दांतास लांकडापेक्षां मऊ लागतें. हा त्रास आपल्याच देशांत आहे असें नाहीं. जर्मनींत मुंगसासारखा दिसणारा मार्डर नांवाचा प्राणी मोटारींच्या तारा तोडतो, आणि तेथील विमाकंपन्यांना त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

निदान समजण्यासाठीं विजेची वाट आधीं ध्यानांत घ्यावी. बॅटरीच्या धन टोंकापासून निघालेली वीज फ्यूजमधून व तारेंतून दिव्यापर्यंत जाते, आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे ऋण टोंकाकडे परत येते. उंदराचा दांत या वाटेवर तीन प्रकारच्या जखमा करतो. तार साफ तुटली, तर वाट बंद पडते आणि तेवढें एक काम थांबतें. आवरण सोललें जाऊन उघडें तांबें सांगाड्यास लागलें, तर वीज आडवाटेनें एकदम परत फिरते आणि फ्यूज जळतो. यालाच शॉर्ट होणें म्हणतात. तिसरी जखम सर्वांत फसवी. तारेंतील बरेच धागे तुटून दोनचारच उरलेले असतात. तेव्हां दिवा मंद लागतो, आणि गाडी खड्ड्यांत आदळली कीं विझतो.

दोष जेथें दिसतो तेथें तो असेलच असें नाहीं, ही खरी अडचण आहे. मागच्या दिव्यांची सांगाड्यास जोडणारी तार तुटली, तर त्यांची वीज दुसऱ्या दिव्यांतून परतीची वाट शोधते. मग ब्रेक दाबावा, तों भलताच दिवा मिणमिणूं लागतो. दिवा बदलून यास उपाय होत नाहीं.

म्हणून परीक्षेचा क्रम ठरलेला असावा. प्रथम किल्ली काढून बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें. हातांत मोजे घालावेत व तोंडावर फडकें बांधावें. कारण उंदराच्या मुतानें लेप्टोस्पायरोसिससारखा रोग होतो. लेंड्या कोरड्याच न झाडतां जंतुनाशकानें ओल्या करून मग पुसाव्यात. त्यानंतर डोळ्यांनीं शोध घ्यावा. लेंड्या, कापसाचे पुंजके, धान्याचीं फोलकटें व तारांवर जोडीनें उमटलेल्या दांतांच्या खुणा जेथें दिसतील, तेथील तारांची जुडी हळुवार उकलून पाहावी. एक जखम सांपडली म्हणून थांबूं नये. उंदीर क्वचितच एका तारेवर समाधान मानतो.

दुसरी पायरी फ्यूजची. जळलेल्या फ्यूजच्या जागीं तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. तोही जळला, तर तार कोठें तरी सांगाड्यास लागली आहे, असें समजावें. १० अँपिअरच्या जागीं ३० अँपिअरचा फ्यूज घालणें, किंवा तेथें तारेचा तुकडा पिळून बसविणें, म्हणजे पहारेकऱ्यास काढून टाकून घर उघडें ठेवणें होय. मग फ्यूजऐवजीं तार तापते, आणि तापलेल्या तारेजवळ उंदरानें आणलेलें वाळलेलें गवत असलें, तर मोटार पेट घेते.

तिसऱ्या पायरीसाठीं बॅटरी पुन्हां जोडून मोजमाप करावें. स्वस्थ बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. येथें एक फसगत होते. दोनच धागे उरलेल्या तारेवरही मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः वीज जवळजवळ घेतच नाहीं. तेव्हां दिवा लावून, वीज वाहत असतांना, तारेच्या दोन टोंकांमधला व्होल्टांचा फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टाहून जास्त भरला, तर तार आंतून जखमी आहे. बॅटरी रात्रींतून उतरत असेल, तर गाडी कुलूपबंद करून अर्ध्या तासानें प्रवाह मोजावा. तो सामान्यतः ५० मिलिअँपिअरच्या आंत असतो. जास्त असल्यास एकेक फ्यूज काढीत जावें. ज्याच्या काढण्यानें प्रवाह घटतो, त्याच वाटेवर गळती आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी. एस. ६ नियमांच्या मोटारींत संगणक स्वतःच दोषाचा क्रमांक सांगतो. परंतु त्याचा अर्थ काळजीपूर्वक लावावा. अमुक सेन्सरच्या वाटेंत बिघाड आहे, एवढेंच तो सांगतो. सेन्सर निकामी झाला असें सांगत नाहीं. महागडा सेन्सर बदलण्यापूर्वीं त्याच्यापर्यंतची तार तपासावी. हे संगणक बहुधा पिळलेल्या दोन तारांवरून परस्परांशीं बोलतात. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमधला अवरोध मोजला, तर तो सुमारें ६० ओहम भरला पाहिजे. १२० भरल्यास वाट तुटली आहे. शून्याजवळ आल्यास दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या तारांस आणि विजेवरील गाडीच्या नारिंगी तारांस घरच्या माणसानें हातच लावूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें.

तार जोडतांना ती नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळूं नये. ओलाव्यानें तेथें हिरवा गंज चढतो. त्याच जाडीची तार घेऊन सांधा पक्का करावा आणि उष्णतेनें आवळणारी नळी त्यावर बसवावी. पुढील काळजी सोपी आहे. गंजीपासून मोटार दूर उभी करावी, गाडींत खाण्याचें कांहीं राहूं देऊं नये, आणि दर आठवड्यास बोनेट उघडून पाहावें. विषाचा मोह टाळावा. विष खाल्लेला उंदीर गाडींतच मरून सडतो, आणि तो खाणारें घुबडही दगावतें. पिकाच्या राखणदारासच मारल्यासारखें तें होतें.

या सर्व परीक्षेस लागणारा मीटर नव्या बॅटरीच्या मानानें फारच स्वस्त मिळतो. तो घरांत असावा. आणि तो हातांत घेतल्यावर हातोडीवाल्या रेल्वे-कामगाराप्रमाणें एक तार पाहून झाल्यावरच दुसरीकडे वळावें. मग आजाऱ्यास दहाच्या आंत सोलापुरास पोंचविण्याचा दिवस उगवेल, तेव्हां मोटार दाराशीं अडून राहणार नाहीं.