महासरोवरे: विस्तार, खोली आणि काळ

जगातील सर्वांत मोठे सरोवर कोणते, या प्रश्नाचे उत्तर मोजमाप कोणते निवडले यावर अवलंबून असते. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ पाहिले तर कॅस्पियन समुद्राला तोड नाही. गोड्या पाण्याच्या सरोवरांपुरताच विचार केला तर उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवर पुढे येते. आणि साठलेले गोडे पाणी, खोली व वय या कसोट्या लावल्या तर सैबेरियातील बैकल सरोवर तिन्हींत पहिले ठरते. उत्तरे अशी बदलतात याचे कारण सरोवराच्या घडणीत आहे. सरोवराची द्रोणी, म्हणजे पाणी साठणारा खोलगट भूभाग, कोणत्या भूवैज्ञानिक घटनेतून निर्माण झाली आणि तीत येणारे व तीतून जाणारे पाणी यांचा मेळ कसा बसतो, यांवर सरोवराचा आकार ठरतो. यांतील पहिली गोष्ट लाखो वर्षांत बदलते. दुसरी मात्र एखाद्या माणसाच्या हयातीतही बदलू शकते.

कॅस्पियनचे क्षेत्रफळ सुमारे ३,७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण महाराष्ट्रापेक्षाही अधिक आहे. प्राचीन काळी युरोप व आशियाच्या मध्यभागी पसरलेल्या एका समुद्राचा हा अवशेष असून, सुमारे ५५ लाख वर्षांपूर्वी महासागराशी असलेला त्याचा संबंध तुटला, असे मानले जाते. त्याचे पाणी खारट असले तरी त्यातील क्षारांचे प्रमाण सागरी पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. कॅस्पियनमधून एकही नदी बाहेर पडत नाही. त्यामुळे नद्यांनी, विशेषतः एकट्या व्होल्गाने, आणलेले पाणी आणि बाष्पीभवनाने उडून जाणारे पाणी यांच्या हिशेबावर त्याची पातळी ठरते. ही पातळी महासागराच्या पातळीहून सुमारे २८ मीटर खाली असून १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ती उतरत आहे. दक्षिणेकडे हजार मीटरहून अधिक खोल असलेल्या या जलाशयाचा उत्तर भाग सरासरी पाच-सहा मीटरच खोल असल्याने, पातळी थोडी उतरली तरी तेथील किनारा कित्येक किलोमीटर मागे सरकतो. किनाऱ्यावरील रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण आणि अझरबैजान या पाच देशांनी कॅस्पियनच्या कायदेशीर स्थानाविषयीचा करार २०१८ मध्ये केला, यावरून अशा जलाशयाची वाटणी किती गुंतागुंतीची असते हे लक्षात येते.

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांची कथा हिमयुगाशी निगडित आहे. कॅनडावर पसरलेल्या किलोमीटरभर जाडीच्या हिमस्तरांनी मऊ खडक खरवडून काढले, आणि हे स्तर वितळून मागे हटले तेव्हा त्या खोलगट जागा पाण्याने भरल्या. म्हणून ही सरोवरे आजच्या रूपात अवघी दहा-चौदा हजार वर्षांची आहेत. त्यांपैकी सुपीरियर सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर विस्ताराचे व ४०६ मीटर खोल आहे. मात्र मिशिगन आणि ह्यूरन ही नकाशात वेगळी दाखवली जाणारी सरोवरे मॅकिनॅकच्या सामुद्रधुनीने जोडलेली असून दोन्हींची जलपातळी एकच असते. जलविज्ञानाच्या दृष्टीने ती एकच मानली, तर सुपीरियरचा पहिला क्रमांकही जातो.

बैकलची द्रोणी मात्र खचदरीत, म्हणजे भूकवच ताणले जाऊन दोन भेगांमधील भाग खाली बसल्याने तयार झालेल्या दरीत आहे. हा ताण अडीच ते तीन कोटी वर्षे चालू असून दरी आजही दरवर्षी काही मिलिमीटर रुंदावते. नद्यांचा गाळ या दीर्घ काळात तळाशी कित्येक किलोमीटर जाडीचा साचला, तरी खचणे थांबलेले नसल्याने द्रोणी भरून गेली नाही आणि पाण्याची खोली आजही १,६४२ मीटर आहे. या खोलीचा परिणाम विलक्षण आहे. बैकलचे क्षेत्रफळ पाचही अमेरिकी महासरोवरांच्या एकत्रित क्षेत्रफळाच्या सुमारे आठव्या हिश्शाइतके आहे, पण त्यात त्या पाचांहून अधिक, सुमारे २३,६०० घन किलोमीटर पाणी मावते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील द्रवरूप गोड्या पाण्याचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय.

इतका दीर्घ काळ अखंड टिकलेल्या पाण्यात उत्क्रांतीला निवांतपणा मिळाला, आणि इतरत्र कोठेही न आढळणाऱ्या शेकडो जाती येथे निर्माण झाल्या. हिवाळ्यात बैकल गोठते, तेव्हा तेथील पारदर्शक बर्फातून सूर्यप्रकाश खाली झिरपतो आणि बर्फाच्या खालच्या बाजूसच सूक्ष्म शैवाल वाढू लागते. हे शैवाल जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा एपिशुरा हा कवचधारी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगत जगणारा जीव, गाळून खातो. पाण्याच्या ख्यातनाम नितळपणात या जीवाचा मोठा वाटा आहे. त्याच्यावर जगणाऱ्या माशांमध्ये गोलोम्यांका नावाचा खवले नसलेला, अर्धपारदर्शक आणि चरबीने भरलेला मासा आहे, जो अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतो. या माशांवर नेर्पा हा सील जगतो. केवळ गोड्या पाण्यातच राहणारी सीलची ही एकमेव जाती असून, बर्फाखाली श्वास घेता यावा म्हणून नेर्पा आपल्या नखांनी बर्फात भोके पाडून ती हिवाळाभर खुली ठेवतो.

आफ्रिकेतील टांगानिका सरोवरही खचदरीतच आहे; ते १,४७० मीटर खोल आणि सुमारे ६७० किलोमीटर लांब आहे. तरीही दोन्हींच्या तळाची स्थिती अगदी भिन्न आहे. बैकलच्या थंड पाण्यात वरचे व खालचे थर मिसळत राहतात, त्यामुळे प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. टांगानिकात मात्र वरचे उबदार व हलके पाणी खालच्या जड पाण्यावर वर्षभर तरंगत राहते, आणि वरचे काही थर सोडले तर उर्वरित प्रचंड जलराशी प्राणवायूविना असते. वाऱ्यामुळे खालची पोषकद्रव्ये जेवढी वर येतात, तेवढ्यावरच तेथील मासेमारी चालते. हवामान तापू लागल्याने थरांचे हे मिसळणे आणखी मंदावले असून त्याची झळ काठावरच्या चार देशांतील कोळ्यांना बसते.

व्हिक्टोरिया सरोवर विस्ताराने आफ्रिकेत पहिले, पण जास्तीत जास्त सुमारे ८० मीटरच खोल आहे. त्यात येणारे बहुतांश पाणी थेट पावसाचे असते, म्हणूनच सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीच्या कोरड्या कालखंडात ते जवळजवळ आटून गेले होते. सरोवर पुन्हा भरल्यावर तेथे सिक्लिड कुळातील माशांच्या सुमारे पाचशे जाती भूवैज्ञानिक दृष्टीने अत्यल्प काळात उदयास आल्या. १९५०च्या दशकात तेथे नाइल पर्च हा दोन मीटरपर्यंत वाढणारा शिकारी मासा सोडण्यात आला आणि १९८०च्या दशकात त्याची संख्या एकाएकी वाढली. त्यातून निर्यातीचा मोठा व्यवसाय उभा राहिला, परंतु सिक्लिडांच्या बहुधा दोनशे जाती नामशेष झाल्या. महाराष्ट्रातील नदीकाठच्या लोकांना चांगलीच ठाऊक असलेली, मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णीही तेथे पसरली आणि १९९०च्या दशकात तिने बंदरे व मासे उतरवण्याच्या जागा अडवून धरल्या.

याहून कठोर धडा अरल समुद्राने दिला. १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर विस्तार असलेले हे सरोवर जगात चौथे होते. आमू दर्या व सिर दर्या या त्याच्या दोन नद्यांचे पाणी सोव्हिएत काळात कापसाच्या शेतीकडे वळवले गेले आणि पुढच्या अर्धशतकात त्याचा नव्वद टक्के पृष्ठभाग नाहीसा झाला. पाणी क्षारयुक्त होऊन मासेमारी संपली, आणि उघड्या पडलेल्या तळावरची खारी धूळ वाऱ्याबरोबर गावांवर पसरू लागली. मात्र कझाकस्तानने २००५ मध्ये कोक-अरल धरण पूर्ण केल्यावर उत्तरेकडील लहानशा भागाची पातळी वाढली, क्षारता घटली आणि मासे परतले. येणारे पाणी राखले तर सरोवर अंशतः का होईना सावरू शकते, हे यातून सिद्ध झाले.

सरोवराच्या प्रकृतीचा अंदाज घेण्यासाठी शास्त्रज्ञ जलनिवासकाल मोजतात, म्हणजे सरोवरातले सगळे पाणी बाहेर जाऊन नवे येण्यास लागणारा सरासरी काळ. पंचमहासरोवरांपैकी उथळ ईरी सरोवरात तो तीन वर्षांहून कमी आहे, सुपीरियरमध्ये सुमारे १९० वर्षे आणि बैकलमध्ये तीन शतकांहून अधिक. त्यामुळे शेतांतून आलेल्या फॉस्फरसने ईरीत विषारी शैवाल माजते, पण अमेरिका व कॅनडा यांच्या १९७२च्या करारानंतर दिसले त्याप्रमाणे उपाय केल्यास त्याचे पाणी लवकर सुधारूही शकते; खोल सरोवरांत मिसळलेले विष मात्र कित्येक पिढ्या तेथेच राहते. आकाराने प्रचंड असलेल्या सरोवराला काही होणार नाही, हा समज म्हणूनच घातक आहे. त्याचे रक्षण पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या शेतांचे, शहरांचे व कारखान्यांचे पाणी त्यात उतरते तेथेच व्हायला हवे. कारण एकदा बिघडलेले खोल महासरोवर सुधारण्यास लागणारा काळ कोणत्याही सरकारच्या किंवा कोणत्याही एका पिढीच्या हातात नसतो.