कर्नेलने पाळलेला शब्द

वि. ना. पुरव मार्गावर देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि त्याच रस्त्यावर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. पहिली १९३६ मध्ये स्थापन झाली आणि १९५४ मध्ये देवनारला आली. दुसरं केंद्र १९७४ चं. २०१५ मध्ये टाटा संस्था, टाटा ट्रस्ट्स आणि अमेरिकेतील एमआयटी यांनी ‘कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह’, म्हणजे ‘क्लिक्स’, हा उपक्रम सुरू केला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातील सरकारी माध्यमिक शाळांतल्या मुलांना संगणकावर गणित, विज्ञान, इंग्रजी शिकता यावं, हा त्याचा हेतू. त्याला युनेस्कोचा २०१७ चा किंग हमद पुरस्कार मिळाला.

यातल्या बऱ्याच शाळांत इंटरनेटचा भरवसा नव्हता. म्हणून अभ्यासक्रम शाळेतल्याच लिनक्स सर्व्हरवर ठेवला गेला आणि मुलांचे संगणक स्थानिक नेटवर्कने त्याला जोडले. सर्व्हरवरचं ‘जी-स्टुडिओ’ हे मुक्त सॉफ्टवेअर मानखुर्दच्या केंद्रातील प्रा. नागार्जुन यांच्या प्रयोगशाळेत घडलं. ते पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे आणि माहिती मोंगोडीबीत साठवतं. या सगळ्याच्या तळाशी लिनक्सचं कर्नेल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा, असतं. दुर्गम शाळेत वर्षानुवर्षं चालायचं सॉफ्टवेअर कशावर विसंबून उभं राहतं, हे समजायचं तर या तळापर्यंत उतरावं लागतं.

खिडकीच्या अलीकडे, पलीकडे

विद्यार्थिनीने धडा उघडला की सर्व्हरवरच्या प्रोग्रामला डिस्कवरची फाइल वाचावी लागते. डिस्कला हात लावण्याची मुभा मात्र त्याला नसते. प्रोसेसर त्याला कमी अधिकारांच्या अवस्थेत चालवतो. डिस्क, मेमरी, नेटवर्क कार्ड यांचा ताबा कर्नेलकडे असतो. त्यामुळे प्रोग्राम बँकेच्या खिडकीवर उभ्या असलेल्या खातेदारासारखा विनंती करतो. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात.

प्रत्येक कामाला ठरलेला क्रमांक आहे. आजच्या ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये ‘वाचा’ म्हणजे ०, ‘लिहा’ म्हणजे १, ‘उघडा’ म्हणजे २. प्रोग्राम क्रमांक आणि तपशील प्रोसेसरच्या रजिस्टरांत ठेवून एक खास आज्ञा देतो. प्रोसेसर अवस्था बदलतो, कर्नेल आपल्या तक्त्यात तो क्रमांक शोधतं, दिलेला पत्ता प्रोग्रामच्याच मेमरीतला आहे का, परवानगी आहे का, हे तपासतं आणि मगच काम करतं. फाइल उघडली तर उत्तरादाखल एक लहानसा आकडा मिळतो. पुढचे व्यवहार त्याच आकड्यावर. फाइल नसेल तर ठरलेला त्रुटी-क्रमांक परत येतो.

कर्नेलची आणखीही दारं आहेत. ‘/dev’ मध्ये उपकरणं फाइलींच्या रूपात दिसतात, ‘/proc’ मध्ये चालू प्रोग्रामांची माहिती, ‘/sys’ मध्ये यंत्राची रचना. उपकरणालाही फाइलीसारखं उघडता-वाचता यावं, ही कल्पना १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या युनिक्सकडून आली.

पेटीत नसलेली गोष्ट

क्लिक्सचा शाळा-सर्व्हर डॉकरच्या पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, बांधून पाठवला जाई. पायथॉन, डेटाबेस, लायब्ररी असं सगळं त्या पेटीत. फक्त कर्नेल नाही. ते यजमान यंत्राचं वापरलं जातं. कर्नेलच ‘नेमस्पेस’ने पेटीतल्या प्रोग्रामांना स्वतंत्र फाइलव्यवस्था आणि नेटवर्क दाखवतं आणि ‘सीग्रुप’ने मेमरी-प्रोसेसरच्या वाट्याला मर्यादा घालतं. म्हणजे पेटी आणि यंत्र यांच्यातला मुख्य दुवा सिस्टिम कॉलचाच. मुंबईत बांधलेली पेटी मिझोराममध्ये चालावी, यासाठी दोन्हीकडच्या कर्नेलने त्या क्रमांकांचा तोच अर्थ लावला पाहिजे.

न मोडण्याचा नियम

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं. कर्नेलमधल्या बदलामुळे वापरातला प्रोग्राम बंद पडला तर दोष कर्नेलचा, हा नियम ते आग्रहाने राबवत आले आहेत. कर्नेलच्या पोटातली रचना मात्र बेधडक बदलते. तिथल्या अंतर्गत जोडण्या स्थिर ठेवण्याचं बंधन विकसकांनी मुद्दामच स्वीकारलेलं नाही. आत मोकळीक आणि वेशीवर दिलेला शब्द, या विभागणीमुळेच लिनक्स वेगाने वाढूनही जुने प्रोग्राम चालू राहिले.

२०३८ चा प्रश्न याचा उत्तम दाखला आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर ओसंडतील. उपाय म्हणून जुन्या कॉलचा अर्थ बदलला असता तर त्यावर बेतलेले प्रोग्राम तत्क्षणी कोलमडले असते. म्हणून २०१९ च्या लिनक्स ५.१ मध्ये ३२-बिट यंत्रांसाठी ६४-बिट वेळेचे नवे कॉल नव्या क्रमांकांनी आले आणि जुने जागेवर राहिले. नव्या प्रोग्रामने जुन्या कर्नेलकडे नवा कॉल मागितला तरी ‘हे काम इथे नाही’ असं स्पष्ट उत्तर मिळतं आणि प्रोग्राम दुसरा मार्ग धरू शकतो.

या शिस्तीचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना लगेच अद्ययावत होणं शक्य नाही त्यांना होतो: मंद इंटरनेटची शाळा, जुना संगणक असलेलं ग्रंथालय, तंत्रज्ञ नसलेली ग्रामपंचायत. जनतेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रणालीने हा नियम स्वीकारायला हवा. नवी सोय जरूर यावी, पण जुनी वाट बंद करण्याआधी तिच्यावर कोण चालत आहे हे शोधणं आणि त्यांची सोय लावणं, ही प्रणाली बांधणाऱ्याची जबाबदारी मानली गेली पाहिजे.