युरिक अ‍ॅसिड, आहार आणि हृदय : ताटातून नेमके काय वगळावे?

आरोग्य तपासणीच्या अहवालात युरिक अ‍ॅसिडचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला, की अनेक घरांतील स्वयंपाक त्याच दिवसापासून बदलतो. तुरीचे वरण बंद होते, पालक आणि टोमॅटो वर्ज्य ठरतात, उसळींना रजा मिळते. चहातील साखर, बाटलीबंद शीतपेये आणि सुटीच्या दिवशीची बिअर मात्र बहुधा तशीच चालू राहते. त्यातच या आकड्याला हृदयविकाराच्या भीतीचीही जोड मिळाली आहे.

आहार, युरिक अ‍ॅसिड आणि हृदय यांच्या परस्परसंबंधावर गेल्या दोन दशकांत विपुल संशोधन झाले असून त्याचे निष्कर्ष या रूढ पथ्यापेक्षा बरेच वेगळे आहेत. हृदयाला मानवणारा आहार बहुतांशी युरिक अ‍ॅसिडही आटोक्यात ठेवतो. परंतु केवळ तो आकडा खाली आणण्यासाठी आखलेला आहार हृदयाचे रक्षण करीलच असे नाही, हे त्या संशोधनाचे सार होय.

युरिक अ‍ॅसिड येते कोठून?

शरीरातील प्रत्येक पेशीत प्युरीन नावाची संयुगे असतात. पेशी जुन्या होऊन नष्ट होतात तेव्हा या प्युरीनचे विघटन होऊन युरिक अ‍ॅसिड तयार होते. अन्नातील प्युरीनचीही अखेर हीच गत होते. शरीरातील एकूण युरिक अ‍ॅसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग शरीर स्वतःच निर्माण करते आणि साधारण एक तृतीयांश भाग आहारातून येतो. त्यातील बहुतेक भाग मूत्रपिंडांवाटे आणि उरलेला आतड्यांवाटे बाहेर टाकला जातो. म्हणूनच रक्तातील पातळी वाढते ती बहुतेक वेळा अधिक खाल्ल्यामुळे नव्हे, तर मूत्रपिंडांकडून पुरेसा निचरा न झाल्यामुळे.

बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक अ‍ॅसिडचे आणखी विघटन करणारे युरिकेज हे विकर असते. मानव आणि वानरकुलातील त्याचे निकटचे नातलग उत्क्रांतीच्या ओघात त्याला मुकले. परिणामी मानवी रक्तातील पातळी इतर प्राण्यांच्या तुलनेत मुळातच अधिक असते. एक डेसिलिटर रक्तात ६.८ मिलिग्रॅमच्या आसपास युरिक अ‍ॅसिड विरघळलेले राहू शकते. त्याहून अधिक झाल्यास सांध्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक साचू लागतात आणि कालांतराने गाउटचा, म्हणजे तीव्र वेदना देणाऱ्या एका प्रकारच्या संधिवाताचा, झटका येऊ शकतो. तथापि वाढलेली पातळी असलेल्या बहुसंख्य लोकांना गाउट कधीही होत नाही.

श्रीमंतांचा रोग ही जुनी समजूत

या व्याधीचा आहाराशी असलेला संबंध प्राचीन काळापासून मानला गेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘वातरक्त’ या व्याधीचे जे वर्णन येते, त्यातील काही लक्षणे गाउटशी जुळतात. तिचे एक पर्यायी नाव ‘आढ्यवात’ असे असून आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही गाउट हा राजेरजवाड्यांचा रोग समजला जात असे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनी १७७६ मध्ये मूतखड्यातून युरिक अ‍ॅसिड वेगळे केले, तर इंग्रज वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये गाउटच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले असते हे दाखवून दिले. मांस आणि मद्य ही त्याची कारणे असल्याचा समज तेव्हा दृढ होता. मात्र कोणते अन्न किती अपायकारक, याचे मोजमाप व्हावयास एकविसावे शतक उजाडावे लागले.

डाळीवरील आरोप

अमेरिकेतील ४७,१५० पुरुषांच्या आहाराची १२ वर्षे नोंद ठेवून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या काळात त्यांपैकी ७३० जणांना गाउट झाला. सर्वाधिक मांस खाणाऱ्या गटात हा धोका सर्वांत कमी मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी, तर मासे आणि अन्य जलचर सर्वाधिक खाणाऱ्यांत सुमारे ५१ टक्क्यांनी अधिक आढळला. उलट दूध आणि दुग्धजन्य पदार्थ भरपूर घेणाऱ्यांत तो जवळजवळ निम्म्यावर आला होता.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या पाहणीचा आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वाटाणा, घेवड्यासारखी द्विदल धान्ये, पालक, अळिंबी, फुलकोबी अशा प्युरीनयुक्त वनस्पतिजन्य पदार्थांमुळे गाउटचा धोका वाढल्याचे दिसून आले नाही. पथ्याच्या तक्त्यांत अनेकदा कोरड्या डाळीतील प्युरीनचे आकडे दिलेले असतात. प्रत्यक्षात डाळ शिजताना कित्येक पट पाणी शोषते आणि वाटीभर वरणात मूठभर डाळही नसते. शिवाय डाळींसोबत तंतुमय पदार्थ, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मिळते, तेही संपृक्त चरबीवाचून. शाकाहारी कुटुंबात डाळ बंद करणे म्हणजे प्रथिनांचा मुख्य आधारच काढून घेणे होय. ती जागा बहुधा भात, साबुदाणा किंवा बटाटा भरून काढतो आणि त्यामुळे हृदयाचे हित साधत नाही.

खरा धोका या यादीच्या दुसऱ्या टोकाला आहे. कलेजी, गुर्दा आणि भेजा यांसारख्या प्राण्यांच्या अवयवांत प्युरीनचे प्रमाण सर्वाधिक असते. तारली, बांगडा आणि सुकी मासळी यांतही ते बरेच असते. माशांच्या बाबतीत मात्र सरसकट बंदी योग्य ठरत नाही. तारली आणि बांगड्यासारख्या तेलकट माशांतील ओमेगा-३ स्निग्धाम्ले हृदयाला उपकारक मानली जातात. कोकण किनाऱ्यापासून बंगालपर्यंत मासे हे ज्यांचे रोजचे अन्न आहे, त्यांनी गाउट असल्यास प्रमाण मर्यादित ठेवावे आणि तळलेल्या तुकडीऐवजी कालवण घ्यावे, एवढे सहसा पुरेसे असते.

साखर : दुर्लक्षित कारण

साखरेत प्युरीन नसते. तरीही युरिक अ‍ॅसिड वाढविण्यात तिचा वाटा मोठा आहे. नेहमीच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना पेशींतील ऊर्जेचा साठा झपाट्याने खर्ची पडतो आणि त्या विघटनातून युरिक अ‍ॅसिड तयार होते. ४६,३९३ पुरुषांवरील पाहणीचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दिवसाला दोन किंवा अधिक गोड शीतपेये घेणाऱ्यांत गाउटचा धोका, महिन्यातून एकाहून कमी पेय घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ८५ टक्क्यांनी अधिक होता. साखरविरहित शीतपेयांबाबत असा संबंध आढळला नाही. फळांचा रस अधिक पिणाऱ्यांतही धोका वाढलेला दिसला. अख्खे फळ सावकाश खाल्ले जाते आणि त्यातील तंतूंमुळे साखर हळूहळू शोषली जाते. रसाचा पेला मात्र तीन-चार फळांची साखर एका दमात पोटात उतरवतो.

मद्याचे परिणाम दुहेरी आहेत. त्यामुळे युरिक अ‍ॅसिडची निर्मिती वाढते आणि मूत्रपिंडांकडून होणारा निचराही मंदावतो. बिअरमध्ये याच्या जोडीला स्वतःचे प्युरीनही असते, म्हणून ती सर्वाधिक त्रासदायक ठरते.

आहाराने किती फरक पडतो?

येथे वास्तवाचे भान आवश्यक आहे. युरोपीय वंशाच्या १६,७६० अमेरिकी नागरिकांच्या माहितीचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसामाणसांत युरिक अ‍ॅसिडच्या पातळीत जो फरक आढळतो, त्यातील सुमारे २४ टक्के भाग आनुवंशिक घटकांनी स्पष्ट होत होता. आहाराच्या एकूण दर्जाने मात्र ०.३ टक्क्यांहूनही कमी भागाचा उलगडा झाला. आकडा वाढला म्हणून रुग्णाच्या खाण्यापिण्याला दोष देणे किती अन्यायकारक आहे, हे यावरून लक्षात येते.

याचा अर्थ आहार निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. रक्तदाब कमी करण्यासाठी अमेरिकेत आखलेला ‘डॅश’ हा आहार फळे, भाज्या, अख्खी धान्ये, डाळी, सुकामेवा आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देतो. मांस, मिठाई आणि गोड पेये यांत मर्यादित असतात. १०३ जणांना ठरवून दिलेले जेवण पुरवून केलेल्या चाचणीचे विश्लेषण २०१६ मध्ये पुढे आले. त्यात या आहाराने युरिक अ‍ॅसिड सरासरी ०.३५ मिलिग्रॅमने उतरले. ज्यांची पातळी मुळात ७ किंवा त्याहून अधिक होती, त्यांच्यात ही घट सुमारे १.३ मिलिग्रॅम इतकी होती. विशेष म्हणजे या आहारात डाळी वर्ज्य नव्हत्या, किंबहुना त्यांना मानाचे स्थान होते.

हृदयाशी संबंध : कारण की साक्षीदार?

उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलत्व, मूत्रपिंडाचे विकार आणि हृदयविकार असलेल्यांत युरिक अ‍ॅसिड अनेकदा वाढलेले आढळते. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असते असे नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध फ्रॅमिंगहॅम अभ्यासातील ६,७६३ व्यक्तींच्या माहितीवरून १९९९ मध्ये असा निष्कर्ष काढण्यात आला, की हृदयविकाराची इतर कारणे हिशेबात घेतल्यावर युरिक अ‍ॅसिडचा स्वतंत्र दोष शिल्लक राहत नाही.

याची थेट परीक्षा ब्रिटनमधील ‘ऑल-हार्ट’ चाचणीने केली. गाउट नसलेल्या, परंतु हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या साठीपुढील ५,७२१ रुग्णांपैकी निम्म्यांना युरिक अ‍ॅसिड कमी करणारे अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध देण्यात आले. सरासरी ४.८ वर्षांनंतर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृद्रोगाने मृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ११ टक्के आणि न घेणाऱ्यांत ११.३ टक्के भरले. दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आकडा आणि हृदयाचे हित कधीकधी परस्परविरुद्ध दिशेनेही जातात. ‘डॅश’च्या त्याच चाचणीत मीठ वाढविल्यावर युरिक अ‍ॅसिड किंचित उतरले होते, परंतु म्हणून मीठ अधिक खावे असे कोणताही वैद्य सांगणार नाही, कारण त्याने रक्तदाब वाढतो. हृदयरुग्णांना दिली जाणारी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि रक्तदाबावरील काही मूत्रल औषधे युरिक अ‍ॅसिड वाढवितात. अहवाल पाहून ही औषधे परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. याउलट लोसार्टनसारखे रक्तदाबावरील औषध युरिक अ‍ॅसिड थोडे कमी करते. त्यामुळे औषध बदलायचे की नाही, याचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

गाउट असल्यास मात्र प्रश्न वेगळा

ज्यांना गाउटचे झटके येतात त्यांनी हृदयाकडे अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. ब्रिटनमधील गाउट रुग्णांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये असे दिसून आले, की झटक्यानंतरच्या सुमारे दोन महिन्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची शक्यता वाढलेली असते. झटक्याच्या वेळी शरीरभर उसळणारा दाह हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. अशा रुग्णांत पातळी ६ च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते आणि ते गाठण्यासाठी बहुधा औषधे लागतात. केवळ पथ्यावर विसंबून औषध टाळणे योग्य नव्हे. मात्र कोणतेही लक्षण नसताना केवळ आकड्यासाठी औषध सुरू करू नये, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे.

ताट कसे असावे?

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. वरण, उसळ, पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी, साखर न घातलेले ताक किंवा दही आणि एखादे अख्खे फळ, हे आपल्याकडील जेवण युरिक अ‍ॅसिड आणि हृदय या दोघांनाही मानवते. गोड पेये, मिठाई, मद्य, प्राण्यांचे अवयव आणि तांबडे मांस यांना कात्री लावावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे आणि वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास रोखावी. पाणी पुरेसे प्यावे. मात्र मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे व डाळींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

स्थूल व्यक्तींनी वजन उतरविणे लाभदायक असले, तरी ते हळूहळू उतरवावे. कडक लंघन किंवा निर्जळी उपवास यांमुळे युरिक अ‍ॅसिड उलट वाढते आणि गाउटच्या रुग्णाला ऐन उपवासात झटका येऊ शकतो.

अहवालातील हा आकडा वाढलेला दिसल्यास पहिले काम डाळीचा डबा बंद करण्याचे नाही. रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडांचे कार्य तपासून घेणे, हे ते काम होय. हृदयाचे भवितव्य युरिक अ‍ॅसिडपेक्षा त्या आकड्यांवर कितीतरी अधिक अवलंबून असते.