घरातून घालवलेले पोर

एस.टी. स्टँडवर रात्री एखादे पोर पिशवी उशाशी घेऊन पडलेले दिसते. घरातून पळून आले असेल, असे म्हणून आपण पुढे जातो. पण काही पोरे पळालेली नसतात. घरच्यांनीच त्यांना घालवलेले असते.

का बरे घालवतात? कुणी अंगाने मुलगा असतो, पण मन मुलीचे असते. कुणी अंगाने मुलगी, मन मुलाचे. यांना तृतीयपंथी म्हणतात. कुणा मुलाचा जीव मुलावरच जडतो, मुलीचा मुलीवर. यांना समलिंगी म्हणतात. हा रोग नाही, कुणाचा शापही नाही. मारून-मुटकून ते बदलत नाही. पण घरी कळले, की "तोंड काळे कर" म्हणतात. भाऊबंद काय म्हणतील? धाकटीचे लग्न कसे जमेल? ही भीती खरी असते. आम्ही ती नाकारत नाही. पण पोराचे पुढे काय होते, तेही पाहू या.

पहिल्याच रात्री निजायला जागा नाही. जागा देतो म्हणून कुणीही घेऊन जातो आणि त्याचा गैरफायदा घेतो. शाळेचा दाखला, आधारकार्ड घरीच राहिलेले. पत्ता नाही म्हणून काम मिळत नाही. काम नाही म्हणून खोली मिळत नाही. मग उरते भीक मागणे, नाहीतर देह विकणे. म्हणून आधी डोक्यावर छप्पर हवे. बाकीचे मागाहून.

राजवाड्यातही हे घडले आहे. नंदुरबारच्या पलीकडे, गुजरातेत, राजपीपळा नावाचे संस्थान होते. तिथले राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ साली आपण समलिंगी आहोत, हे उघड सांगितले. लोकांनी त्यांचा पुतळा जाळला. घरच्यांनी वर्तमानपत्रात छापून संबंध तोडला. पण ते खचले नाहीत. लक्ष्य ट्रस्ट नावाची संस्था त्यांनी आधीच काढली होती. २०१८ साली त्यांनी आपल्या वाड्याची जागा अशा निराधारांना देण्याचे जाहीर केले.

पुढे सरकारने 'गरिमा गृह' ही योजना काढली. गरिमा म्हणजे मान. २५ नोव्हेंबर २०२० रोजी बडोद्यात पहिले घर उघडले, तेही लक्ष्य ट्रस्टच्या साथीने. प्रथम अशी काही घरे ठरली. त्यांत महाराष्ट्रही आहे. एका घरात निदान पंचवीस माणसांची सोय असते. दोन वेळचे जेवण मिळते, औषधपाणी होते, हाताला हुन्नर शिकवतात. कागदपत्रे काढायलाही मदत होते. एकदा कागद हाती आला, की काम मागायला तोंड उघडता येते.

पण सारे सुरळीत नाही. २०२३ साली काही घरांचा सरकारी पैसा महिनोन्‌महिने अडकला आणि जागेचे भाडे थकले. शिवाय ही घरे तृतीयपंथी माणसांसाठी आहेत. घरातून काढलेल्या समलिंगी पोराला तिथे जागा नाही. त्याला एखादी संस्था, नाहीतर मायाळू मावशी-आत्याच शोधावी लागते.

तृतीयपंथी माणसाला घरातून किंवा गावातून हुसकणे २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद सांगितली. हे गावच्या पाटलाला आणि सरपंचाला ठाऊक असलेले बरे.

पोर अठरा वर्षांच्या आतले असेल, तर १०९८ या नंबरावर फोन करावा. पैसे पडत नाहीत. रात्रीही फोन उचलतात.