दुरुस्तीनंतर बिघडलेलें एंजिन

बैल आजारी पडावयाचा झाला म्हणजे आधीं चाऱ्याकडे पाठ फिरवितो, आणि धन्यास वेळेवर सूचना मिळते. तेलाचें एंजिन मात्र मुकें असून अचानक दगा देतें, असा पुष्कळांचा समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. एंजिनही बोलतें, धुरानें बोलतें, आवाजानें बोलतें, हँडलाच्या जड-हलकेपणानें बोलतें. विशेषतः दुरुस्त करून आणलेलें एंजिन पूर्वीपेक्षां वाईट चालूं लागलें, तर त्याचें हें बोलणें नीट ऐकणाऱ्याचा पैसाही वांचतो व पीकही वांचतें. म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

माघ महिन्यांत आमचें तळेघर येथें जाणें झालें. मंचरहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हा मुलूख भाताचा व हिरड्याचा. पावसाळ्यांत पाण्याचा सुकाळ. परंतु डोंगरउतारावरून तें झपाट्यानें वाहून जातें आणि दिवाळीनंतर ओढे रोडावतात. ज्यांच्या शेताजवळ डोह किंवा विहीर आहे, ते पंप लावून गहूं, हरभरा करितात. अशाच एका बांधवाचा दीड एकर गहूं पेरून साठ दिवस झाले होते. गव्हास १८ ते २१ दिवसांनीं मुकुटमुळें फुटतांना, ४० ते ४५ दिवसांनीं कांडी धरतांना, ६० ते ६५ दिवसांनीं फुलोऱ्यांत आणि ८० ते ८५ दिवसांनीं दाणा भरतांना पाणी मिळावें लागतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. फुलोऱ्याचें पाणी डोळ्यांसमोर डोहांत होतें. पण पांच अश्वशक्तीचें एंजिन तें वर चढवीत नव्हतें.

एंजिन नुकतेंच कारागिराकडून आलें होतें. नेण्यापूर्वीं तें जरा धूर टाकी, पण काम देई. आतां तें दहा वेळां हँडल मारल्यावर सुरू होई, पांढरा धूर ओकी, आणि पट्टा चढवितांच दम सोडी. बांधवानें प्रथम तेलांत भेसळ असल्याचा संशय घेऊन तेल बदललें; नंतर नवें नोझल आणून बसविलें. दोहोंचाही उपयोग झाला नाहीं. आतां एंजिन विकून टाकावें, इतक्या निराशेस तो आला होता.

आम्हीं त्यास एवढेंच विचारिलें, "दादा, कारागिरानें काय काय खोललें होतें?"

"हेड काढलें, व्हॉल्व्ह घासले, तेलाचा पंप उतरविला आणि फिल्टर बदलला," तो म्हणाला.

या उत्तरांतच रोगाचा पत्ता होता. दुरुस्तीपूर्वीं नसलेला दोष दुरुस्तीनंतर दिसला, तर जेथें हात लागला तेथेंच प्रथम पाहावें. न उघडलेला भाग त्याच दिवशीं योगायोगानें बिघडणें अशक्य नाहीं, परंतु तें क्वचित् घडतें. दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच फेरफार करावा आणि एंजिन चालवून परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं, आणि नवा दोष शिरला तर तोही सांपडत नाहीं.

हें एंजिन चालतें कसें तें ध्यानीं घेतल्यास शोध सोपा होतो. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन आंतील हवेस सुमारें सोळा-सतरा पट दाबतो. त्या दाबानें हवा इतकी तापते कीं, नोझलांतून आलेलें तेल आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन शोधकानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें असें एंजिन यशस्वी करून दाखविलें. आपल्या पुण्यास किर्लोस्कर ऑईल एंजिन्स हा कारखाना १९४६ सालीं निघाला, आणि पुढें हें यंत्र खेड्यापाड्यांतील विहिरींवर पोहोंचलें. त्याचें सारें आरोग्य तीन गोष्टींवर आहे: तेल, दाब आणि वेळ. आम्हीं याच क्रमानें तपास केला.

प्रथम पट्टा उतरवून एंजिन मोकळें चालविलें. मोकळें असतां तें ठीक चाललें असतें, तर दोष पंपाचा, फूटव्हॉल्व्हचा किंवा सरकणाऱ्या पट्ट्याचा मानावा लागला असता. नावेवरील एंजिनाच्या बाबतींतही पंख्यास गवत किंवा जाळें अडकलें आहे काय, हें आधीं पाहावें तें याच कारणानें. येथें एंजिन मोकळेंही अडखळत होतें. तेव्हां दोष त्याच्याच पोटांत होता.

नंतर तेल पाहिलें. टाकीचा कॉक उघडून फिल्टरवरील स्क्रू सैल केला, तों बुडबुडे निघूं लागले. फिल्टर बदलतांना शिरलेली हवा तशीच राहिली होती. आपल्याकडे म्हणतात तशी एंजिनानें हवा धरली होती. बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तेल वाहूं दिलें, तसेंच पंपापाशीं व शेवटीं नोझलाच्या नळीपाशींही केलें. अडखळणें थांबलें, पांढरा धूर व अशक्तपणा राहिला.

दुसरा प्रश्न दाबाचा. हँडल फिरवितांना पूर्वीसारखा अडसर लागत नव्हता. पिस्टन दाबाच्या फेऱ्यांत वर आणून टॅपेटाची फट मोजली, तों एक्झॉस्टच्या टॅपेटांत पातळ पातेंही शिरेना. व्हॉल्व्ह घासला म्हणजे तो आपल्या बैठकीत किंचित् खोल बसतो व त्याची दांडी वर येते. हेडचे नट पुन्हां आवळले म्हणजेही फट घटते. फट नाहींशी झाली कीं व्हॉल्व्ह पुरा मिटत नाहीं आणि दाब निसटतो. कंपनीच्या पुस्तकांत थंड एंजिनासाठीं दिलेली फट राखितांच एंजिन दुसऱ्या हँडलास सुरू झालें.

तरी पट्टा चढविल्यावर पुरी ताकद येईना. राहिली ती वेळ. तेलाच्या पंपाखालीं धातूचे पातळ पत्रे असतात. ते वाढविले कीं तेल उशिरा सुटतें, काढले कीं लवकर सुटतें. उशीर झाला तर धूर व दुबळेपणा येतो. घाई झाली तर ठोके ऐकूं येतात. पंप उतरवून पाहतां, तेल झिरपूं नये या हेतूनें पत्र्यांवर एक जाड कागदी पॅकिंग घातलेलें आढळलें. हेतु चांगला, परिणाम उलटा! तें काढून पंप बसविला, पुन्हां हवा काढली, आणि चाक हळूहळू फिरवून पंपाच्या तोंडाशीं तेल हालण्याचा क्षण चाकावरील खुणेशीं जुळवून पाहिला. त्या सायंकाळीं नळाच्या तोंडाशीं पुरी धार आली आणि रात्रीं गव्हास पाणी मिळालें.

धुराची भाषा थोडक्यांत अशी: काळा धूर म्हणजे हवा कमी, तेल जास्त किंवा ओझें अधिक, पांढरा म्हणजे तेल न जळतां बाहेर येत आहे, निळा म्हणजे वंगण जळत आहे. तपास करतांना नोझलाच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरूं नये, तो कातडी भेदून आंत जातो. बंद खोलींत एंजिन चालवूं नये; त्याचा धूर प्राणघातक आहे.

कारागिरास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यानें घासलेले व्हॉल्व्ह उत्तम होते. परंतु एंजिन ताब्यांत घेतांना धन्यानें तेथेंच तें ओझ्यावर चालवून पाहावें, काय उघडलें व काय बदललें तें वहींत लिहून घ्यावें, आणि जुने पत्रे व पॅकिंगें मागून आणावींत. बैलाच्या खरेदीची तारीख आपण विसरत नाहीं; एंजिनाच्या दुरुस्तीचीही विसरूं नये. त्या बांधवाचें नवें नोझल अद्याप फडताळांत तसेंच पडून आहे. चार ओळींच्या टिपणानें तो खर्च वांचला असता.