विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर? नारळीकरांच्या ‘पानिपता’तला दुसरा इतिहास

मराठीत ‘पानिपत होणं’ म्हणजे पार धूळधाण होणं. निवडणुकीत अनामत रक्कम गेली की पानिपत, क्रिकेटमध्ये डाव कोसळला की पानिपत. हा शब्दप्रयोग बेळगावात कळतो तसाच इंदूर-बडोद्यातही कळतो. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेला पराभव अजून रोजच्या बोलण्यात आहे. साहजिकच ‘तेव्हा आपण जिंकलो असतो तर?’ हा प्रश्नही मराठी घरांत अधूनमधून निघतोच. बहुतेक वेळा एक सुस्कारा टाकून विषय संपतो.

जयंत नारळीकरांनी मात्र तो सुस्काऱ्यावर सोडला नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत त्यांनी या प्रश्नाचा पूर्ण हिशेब मांडला. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आलं. त्यामुळे मराठी शाळेत न गेलेल्या, राज्याबाहेरच्या अनेक मराठी मुलांनाही ती धडा म्हणून भेटली. नारळीकर स्वतः जन्माने कोल्हापूरचे, पण वाढले बनारसमध्ये. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणं म्हणजे काय, हे त्यांना घरातूनच माहीत होतं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

गोष्ट काय आहे?

गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. सभांच्या अध्यक्षपदाचा त्यांना मोठा सराव. एके दिवशी ते जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात. ही गाडी डेक्कन क्वीनपेक्षाही वेगवान. पण वाटेत त्यांना काहीतरी वेगळं दिसू लागतं. पुण्याबाहेरची कारखान्यांची वस्ती नाहीच. मुंबईच्या अलीकडे ‘सरहद’ नावाचं स्थानक लागतं, तिथे परवाने तपासले जातात आणि तिथून ब्रिटिश राज्य सुरू होतं. समोर बसलेले खानसाहेब मुंबईहून पुढे दिल्ली, लाहोर करत पेशावरला जाणार आहेत आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय अजून उभं असतं. गंगाधरपंतांचा मुलगा ज्या कचेरीत नोकरीला असायला हवा, तिथे त्या नावाचं कुणीच नसतं. चक्रावलेले पंत थेट ग्रंथालय गाठतात आणि इतिहासाचे ग्रंथ मागवतात. आपल्याला माहीत असलेला इतिहास नेमका कुठून वाकडा झाला, हे त्यांना शोधायचं असतं. ती जागा सापडते पानिपतावर. त्या जगातली भाऊसाहेबांची बखर सांगते, की गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली. तिळाएवढा फरक पडला असता तर ते गेले असते.

त्या एका तिळावर पुढचं सगळं उभं आहे. अब्दाली हरतो. विश्वासराव पुढे पेशवे होतात, माधवराव त्यांच्या जोडीला असतात आणि रघुनाथराव मागे पडतात. कंपनीचा पसारा मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यापुरताच उरतो. एकोणिसाव्या शतकात मराठे विज्ञान-तंत्रज्ञानाची स्वतःची केंद्रं काढतात. विसाव्या शतकात पेशवाई जाऊन लोकशाही येते. दिल्लीला नावापुरता बादशहा राहतो. मुंबई इंग्रजांकडे फक्त भाडेपट्ट्याने असते आणि १९०८ च्या करारानुसार तो पट्टा २००१ मध्ये संपणार असतो.

हे कसं घडलं?

पंत आपल्या जगात परत येतात तेव्हा त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना दोन गोष्टी समजावून सांगतात. पहिली म्हणजे गणितातला ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’ हा सिद्धांत. घाटाच्या धारेवर पडलेला पावसाचा थेंब कोकणात उतरेल की देशावर, हे वाऱ्याची एक झुळूक ठरवते. एकदा तो उतरला की पुढे दोन वेगळ्या नद्या, दोन वेगळे समुद्र. परिस्थिती अशा धारेवर असली की छोट्या बदलाचा परिणाम प्रचंड होतो. दुसरी गोष्ट पुंजभौतिकीतली, म्हणजे अणूच्या आतल्या जगाच्या शास्त्रातली. तिथे इलेक्ट्रॉन पुढच्या क्षणी नक्की कुठे असेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. मग एक शक्यता आपल्या जगात खरी झाली, तर बाकीच्या दुसऱ्या जगांत खऱ्या झाल्या असतील का? ट्रकशी टक्कर झाली त्या क्षणी पंत नेमके पानिपताचाच विचार करत होते आणि तेवढ्यात ते रूळ बदलून शेजारच्या जगात गेले, असा राजेंद्र यांचा तर्क. पुरावा एकच. पंतांच्या खिशात राहिलेलं त्या बखरीचं फाटकं पान.

पण खरंच एका गोळीने पानिपत हरलं का?

इथे गोष्ट बाजूला ठेवून इतिहास पाहावा लागतो. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडची व दक्षिणेकडची वाट बंद केली. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत सैनिकांशिवाय बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे होते. धान्य संपलं, जनावरांचा चारा संपला. भरतपूरचे सूरजमल जाट आधीच निघून गेले होते. अवधचा शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला होता. १४ जानेवारीला मराठी फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी. या सगळ्यावर न लागलेली एक गोळी उतारा कसा होईल, असा आक्षेप घेता येतो.

तरी नारळीकरांनी जागा हवेतून निवडलेली नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. लढाई खरोखरच धारेवर होती. विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला. युद्धाची कारणं महिनोन् महिने साचत जातात, फौज मोडते ती एका क्षणात. गोष्ट बदलते फक्त तो क्षण, भूक नाही. ती तिथे आहेच.

जिंकणारे आणि हरणारे

युद्धाचा निकाल उलटवणाऱ्या गाजलेल्या पाश्चात्त्य कादंबऱ्या बहुतेक जिंकलेल्या बाजूकडून आल्या आहेत. फिलिप के. डिक यांच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’मध्ये (१९६२) जर्मनी आणि जपान यांनी अमेरिका वाटून घेतली आहे. रॉबर्ट हॅरिस यांची ‘फादरलँड’ (१९९२) घडते ती हिटलर जिंकलेल्या १९६४ च्या बर्लिनमध्ये. ‘आपण हरलो असतो तर?’ ही भीती त्यांच्या मुळाशी आहे. नारळीकरांचा प्रश्न उलटा आहे. हरलेल्या बाजूने ‘जिंकलो असतो तर’ लिहिताना मोह मोठा असतो, कारण सगळं गोड करता येतं. त्यांनी पंतांना त्या जगात मिरवू दिलं नाही. तिथल्या आझाद मैदानावर व्याख्यान चालू असतं आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. पंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात. त्या लोकांनी प्रस्तावना आणि आभार कधीच बंद केलेले असतात. मग पंतांवर मिळेल ते फेकलं जातं. म्हणजे पानिपत जिंकलेल्या जगात पंतांचं पानिपत होतं.

आपली गावं त्या पराभवातून आली

राज्याबाहेरच्या मराठी वाचकासाठी या गोष्टीत आणखी एक हिशेब आहे. तो गोष्टीत लिहिलेला नाही, पण मांडता येतो. पानिपतावर जनकोजी शिंदे पकडले जाऊन मारले गेले, तुकोजी शिंदे पडले. दत्ताजी त्याआधी वर्षभर बुराडी घाटावर गेले होते. पाय जायबंदी होऊन महादजी तेवढे वाचले आणि पुढे काही वर्षांच्या झगड्यानंतर शिंद्यांची दौलत त्यांच्याकडे आली. पानिपत जिंकलं असतं तर जनकोजीच धनी राहिले असते आणि महादजी कदाचित घरातले एक काका. मग शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवणारे महादजी नाहीत आणि आज दिसतं तसं शिंद्यांचं ग्वाल्हेरही बहुधा नाही.

माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले ते थोरला भाऊ गेल्यामुळे आणि त्या धक्क्याने वडीलही गेल्यामुळे. १७६४ पासून हैदरविरुद्ध धारवाडच्या मुलखात मोहिमा काढणारे पेशवे तेच. मल्हारराव होळकर आणि दमाजी गायकवाड रणातून जिवंत परतले, म्हणून इंदूर आणि बडोद्याची गोष्ट थोडी वेगळी. तरी पुण्याचा दरारा पूर्वीसारखा राहिला असता तर सरदारांना एवढी स्वतंत्र राज्यं उभारता आली असती का, हा प्रश्न उरतोच.

म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी पेठा, वाडे, देवळं, शाळा यांतलं बरंचसं जिंकलेल्या पानिपताचं नाही, हरलेल्या पानिपतानंतर सावरलेल्या माणसांचं आहे. तो तीळ हलवला तर गेलेले परत येतील, पण नंतर आलेले जातील.

गोष्टीच्या शेवटी गंगाधरपंतांना पानिपताच्या परिसंवादात अध्यक्ष म्हणून बोलायचं असतं. ते त्यांचं हजारावं अध्यक्षीय भाषण ठरणार असतं. दोन्ही जगं पाहून आलेले पंत आयोजकांना नकार कळवायचं ठरवतात.