रक्ताचा थेंब ही गुणाची खूण नव्हे

मुरुमे जातात, पण त्यांचे खड्डे मागे राहतात. घरात लग्नकार्य ठरले की मुलामुलींना ते अधिकच खुपू लागतात. चंद्रपूर शहरात त्वचारोगतज्ज्ञ भेटतो. परंतु भामरागड, एटापल्ली वा सिरोंचा येथील कुटुंबाला त्यासाठी दुकान बंद ठेवून दिवस मोडावा लागतो. त्यापेक्षा बारीक सुयांचे ‘डर्मारोलर’ घरी मागविणे सोपे वाटते. ते चेहऱ्यावर फिरविताना पुष्कळांच्या मनात एक समज घट्ट असतो : रक्त आले तरच गुण येणार. या समजाची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्या खालच्या थरात असतात. आपल्या भागातील माडिया-गोंड स्त्रियांचे गोंदण जन्मभर टिकते, ते सुईने रंग या खालच्या थरात पोहोचविल्यामुळेच. वरचा थर काही आठवड्यांत झडून नवा येत असतो. सुई-उपचाराचे गोंदणाशी जवळचे नाते आहे. १९९७ साली कॅनडातील प्लास्टिक सर्जन आंद्रे कामिराँ व त्यांच्या सहकाऱ्याने गोंदण्याचे यंत्र रंगाविना व्रणांवर चालविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. सूक्ष्म जखम भरून येताना शरीर नवे कोलॅजन तयार करते, हे या उपचारामागील तत्त्व होय. हे काम कित्येक आठवडे, महिने चालते.

खोल खड्ड्यांसाठी डॉक्टर १.५ मिलिमीटर वा त्याहून लांब सुया वापरतात. तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू दिसतात. सुई खालच्या थरात पोहोचली, एवढाच त्यांचा अर्थ. घरगुती रोलरची सुई बहुधा ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते. तिने रक्त येऊ नये. आलेच, तर दाब अधिक पडला, सुई वाकली किंवा त्वचा आधीच सुजलेली आहे, असे समजावे. अशा सुईने मलम थोडे अधिक मुरेल. जुने खड्डे मात्र भरणार नाहीत.

आपल्याच राज्यातील एक अभ्यास येथे बोलका आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रचिता धुरत यांच्या चमूने टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांवर केलेला हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना केवळ मिनॉक्सिडिल औषध, तर निम्म्यांना त्याजोडीला दर आठवड्यास १.५ मिलिमीटरचे रोलर. १२ आठवड्यांनी ठरावीक जागेतील केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात सुमारे २२, तर दुसऱ्यात सुमारे ९१ भरली. लक्षात घ्यावे असे की, रोलर कोठवर फिरवावयाचे याची खूण रक्त नव्हती. टाळूवर हलकी लाली आली की थांबावयाचे, असा नियम होता.

धोकेही लहान नाहीत. सावळ्या त्वचेवर जखमेनंतर काळे डाग उरतात आणि चंद्रपूरच्या उन्हात ते अधिक गडद होतात. वांग वाढू शकतो. पिकलेल्या मुरुमांवरून रोलर फिरविल्यास जंतू चेहराभर पसरतात. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी किंवा व्रण फुगण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यास हात लावू नये. एकाच रोलरने दोन बहिणींनी काम भागविणे तर सर्वस्वी वर्ज्य होय; उकळत्या पाण्याने किंवा स्पिरिटने ते खात्रीने निर्जंतुक होत नाही आणि रक्तातून कावीळ ब, एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील एका विनापरवाना स्पामध्ये सुई-उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०१८ साली उघडकीस आले होते.

घरी रक्त आलेच तर रोलर तेथेच थांबवावे, स्वच्छ कापसाने दाबून धरावे, चेहरा साध्या पाण्याने धुवावा; लिंबू, हळद वा सुवासिक क्रीम लावू नये. सूज किंवा पू दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

आपल्यापैकी ज्यांची प्रसाधनांची दुकाने आहेत, त्यांनी लांब सुयांचे रोलर ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी एवढे अवश्य सांगावे. एक विक्री बुडेल, पण एखाद्या लेकीचा चेहरा वाचेल. आणि लग्न ठरले असेल, तर तज्ज्ञांकडे चार-सहा महिने आधी जावे. कोलॅजनला मुहूर्ताची घाई कळत नाही.